दिम्नाचा खटला



करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांची नावे ज्याच्या कानांवर कधी पडली नाहीत असा मराठी माणूस क्वचितच आढळेल. व्यापाऱ्याने वाटेत टाकून दिलेला संजीवक नावाचा बैल रानात राहून धष्टपुष्ट होतो. त्याच्या डुरकण्याने पिंगलक सिंहाच्या मनात भीती उत्पन्न होते. दमनक मध्यस्थी करून त्या दोघांची मैत्री जुळवून देतो. आणि त्या मैत्रीमुळे दरबारात आपलेच महत्त्व घटले असे दिसताच तोच दमनक दोघांच्या मनांत एकमेकांविषयी विष कालवतो. अखेर सिंह बैलाला ठार मारतो. पंचतंत्रातील मित्रभेदाची ही मुख्य कथा होय. तिचा शेवट मात्र आपण बहुधा विसरून गेलेलो असतो. सिंहाला पश्चात्ताप होतो, तो शोक करीत बसतो. तेव्हा दमनक त्याची समजूत घालतो, राजाने असे हळवे होऊन भागत नाही असा उपदेश करतो आणि पुढे सुखाने प्रधानपद भोगू लागतो. कपटी मारेकऱ्याला कसलीही शिक्षा होत नाही.

आपले पंचतंत्र जगभर गेले, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान अनाठायी नाही. परंतु पाहुणा परगावी गेला एवढेच सांगून थांबावे, तिथे त्याचे काय झाले याची विचारपूस करू नये, तसेच काहीसे या बाबतीत आपल्याकडून होते. ही कथा आठव्या शतकात अरबी भाषेत गेली तेव्हा तिचा शेवट बदलला. तेथे बैल मेल्यावर कथा संपत नाही. तेथे दमनकावर खटला भरला जातो. हा खटला कथेत कोठून आला, तो कोणी घातला आणि ज्याने तो घातला त्याच्या वाट्याला पुढे काय आले, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. अभिजात अरबी वाङ्मयाच्या पहिल्या बहराची हकीकत या एका ग्रंथाच्या निमित्ताने पुष्कळशी उलगडते.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. अरबी भाषेचे मोठे धन म्हणजे तिची कविता. इस्लामच्या उदयापूर्वीच वाळवंटातील टोळ्यांच्या कवींनी उंट, घोडा, सोडून गेलेल्या मुक्कामाच्या खुणा, वैर आणि औदार्य यांवर दीर्घ काव्ये रचली होती. मुअल्लकात या नावाने प्रसिद्ध असलेल्या काव्यांची गणना आजही अरबीच्या सर्वश्रेष्ठ रचनांत होते. ही कविता मुख्यतः पाठांतराने जगली. त्यानंतर सातव्या शतकात कुराण आले आणि भाषेला एक अढळ मानदंड लाभला. परंतु ज्याला आपण ग्रंथरूप ललित गद्य म्हणू, ते त्या वेळी जवळजवळ नव्हतेच. वक्त्यांची भाषणे होती, म्हणी होत्या, टोळ्यांच्या लढायांच्या तोंडी गोष्टी होत्या. पण एका माणसाने बसून, विचार जुळवून, वाचकासाठी लिहिलेले पुस्तक ही वस्तू अजून रुजावयाची होती.

ती रुजली दफ्तरातून. दमास्कसच्या उमय्या घराण्यातील खलिफा अब्द अल-मलिक याने सातव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभाराची भाषा अरबी केली. तोपर्यंत इराक आणि इराण या प्रांतांचे हिशेब पेहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेत ठेवले जात असत. भाषा बदलली, पण लेखणी धरणारे हात तेच राहिले. पिढीजात इराणी कारकुनांनी अरबी आत्मसात केली आणि चिटणिशी हातची जाऊ दिली नाही. कातिब म्हणजे चिटणीस, हा या नव्या गद्याचा पहिला शिल्पकार ठरला. शेवटचा उमय्या खलिफा दुसरा मरवान याचा चिटणीस अब्द अल-हमीद याची पत्रे पुढे लेखनाचे आदर्श म्हणून नावाजली गेली. आपल्याकडील बखरी आणि पत्रे लिहिणाऱ्या चिटणिसांची परंपरा ज्यांना परिचित आहे, त्यांना दफ्तरातून गद्य जन्मास येते या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

या चिटणिसांच्या मेळ्यात आपला ग्रंथकार येतो. त्याचे मूळ नाव रोझबेह. इराणच्या फार्स प्रांतातील गूर या गावी, म्हणजे हल्लीच्या फिरोझाबाद येथे, इसवी सन ७२० च्या सुमारास तो जन्मला. घराणे इराणी, खानदानी आणि बिगर-इस्लामी. बाप सरकारी वसुलीच्या कामावर होता. त्याच्यावर पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला आणि त्याला इतका मार देण्यात आला, की त्याचे हात कायमचे आखडले, असे जुने चरित्रकार सांगतात. ‘मुकफ्फा’ म्हणजे आखडलेल्या हाताचा. त्यावरून मुलाला इब्न अल-मुकफ्फा, म्हणजे त्या थिट्या हातांच्या माणसाचा मुलगा, हे नाव पडले आणि वाङ्मयाच्या इतिहासात तेच कायम झाले. राजसत्तेच्या रागाची खूण त्याच्या नावातच होती.

तो वाढला बसरा शहरी. बसरा हे अरबी फौजेच्या छावणीतून उभे राहिलेले बंदर. शहराच्या सीमेवर मिर्बद नावाचा उंटांचा बाजार भरे. तेथे वाळवंटातले कवी येऊन काव्ये म्हणत आणि व्याकरणकार त्यांच्या तोंडून शुद्ध अरबी टिपून घेत. पारशी, ख्रिस्ती, ज्यू, मानीपंथी आणि मुसलमान, सगळे तेथे एकमेकांशी वाद घालीत. अशा शहरात या इराणी मुलाने अरबी भाषा अशी काही कमावली, की जन्माने अरब असलेल्यांनी तिचे धडे घ्यावेत. उमय्या राजवटीत त्याने इराणच्या किरमान प्रांतात चिटणिशी केली. ७५० साली उमय्या घराणे उलथून पडले आणि अब्बासी घराणे गादीवर आले. जुन्या राजवटीच्या माणसांची कत्तल झाली. मरवानचा चिटणीस अब्द अल-हमीद याला पकडावयास शिपाई आले तेव्हा इब्न अल-मुकफ्फा त्याच्या सोबत होता, आणि ‘तुमच्यांतला अब्द अल-हमीद कोण?’ या प्रश्नाला दोघांनीही ‘मीच’ असे उत्तर दिले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या स्नेहशीलतेची कीर्ती कशी होती ते तीवरून समजते.

नव्या राजवटीत त्याला आश्रय मिळाला तो ईसा बिन अली याचा. हा खलिफाचा चुलता. त्याच्याच हातून त्याने इस्लामचा स्वीकार केला. त्या प्रसंगाचीही एक गोष्ट सांगतात. दीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमक्ष व्हावयाची होती. आदल्या रात्री जेवताना तो आपल्या जुन्या जरथुश्ती रिवाजाप्रमाणे मंत्र पुटपुटू लागला. यजमानाने विचारले, उद्या मुसलमान होणार आणि आज हे काय? त्यावर, एक रात्रदेखील धर्मावाचून काढणे मला आवडत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. उत्तर चतुर खरे. पण असे चतुर बोलणे लोक विसरत नाहीत, आणि वेळ आली म्हणजे ते बोलणाऱ्याच्या विरुद्ध आठवतात.

याच काळात त्याने पेहलवी भाषेतून पुष्कळ ग्रंथ अरबीत आणले. इराणच्या प्राचीन राजांचा इतिहास सांगणाऱ्या ‘खुदायनामा’ या ग्रंथाचे त्याचे भाषांतर आज उपलब्ध नाही. टिकले आणि अमर झाले ते ‘कलीला व दिम्ना’. कलीला म्हणजे करटक आणि दिम्ना म्हणजे दमनक.

हा ग्रंथ पेहलवीत कसा आला त्याची कथा ग्रंथातच सांगितली आहे. सहाव्या शतकात इराणच्या गादीवर खुस्रो नौशीरवान होता. त्याच्या दरबारच्या बुर्झोय नावाच्या वैद्याने हिंदुस्थानात येऊन हा ग्रंथ मिळविला आणि आपल्या भाषेत नेला. फिरदौसीने ‘शाहनाम्या’त ही हकीकत अधिक रंगवून सांगितली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे, मृतांना जिवंत करणारी वनस्पती हिंदुस्थानातील डोंगरांत उगवते असे ऐकून वैद्य ती शोधावयास आला. वनस्पती काही मिळाली नाही. तेव्हा एका वृद्ध ज्ञान्याने त्याला उलगडा करून सांगितला, की डोंगर म्हणजे ज्ञानी पुरुष, वनस्पती म्हणजे त्यांचे शब्द आणि मृत म्हणजे अडाणी माणसे. ती संजीवनी राजाच्या ग्रंथालयातील पुस्तकात आहे.

बुर्झोयच्या आत्मकथनाचे एक प्रकरणही ग्रंथाच्या आरंभी आहे, आणि ते सगळ्या अरबी वाङ्मयात आगळे आहे. वैद्यकाने शरीर बरे होते, पण रोग पुन्हा येतोच, म्हणून तो धर्माकडे वळतो. निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांना विचारतो. प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे ठरवितो. शेवटी, सर्व धर्म ज्यांना चांगले म्हणतात तेवढीच कृत्ये आपण करावी, अशा निर्णयाला तो येतो. त्याच प्रकरणात विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. खाली आ वासून बसलेला अजगर, पायांखाली चार सर्प, हातांतल्या फांद्या कुरतडणारे काळा आणि पांढरा असे दोन उंदीर. आणि तो माणूस मात्र मधाच्या थेंबांत रमलेला. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेला संसाररूपी कूपाचा दृष्टान्त ज्यांनी वाचला आहे, त्यांना या माणसाची ओळख ताबडतोब पटेल.

मूळ ग्रंथ कसा वाचावा हे सांगणारी प्रस्तावना इब्न अल-मुकफ्फा याने स्वतः जोडली. तीत एका मनुष्याची गोष्ट आहे. त्याला शुद्ध, डौलदार बोलावयास शिकावयाचे होते. मित्राने त्याला एका पिवळ्या कागदावर काही वाक्ये लिहून दिली. ती त्याने घोकली, अर्थ मात्र समजून घेतला नाही. पुढे विद्वानांच्या सभेत त्याची चूक कोणी दाखविली तेव्हा तो म्हणाला, माझी चूक कशी होईल, तो पिवळा कागद तर माझ्या घरी आहे! पशुपक्ष्यांच्या तोंडच्या या गोष्टींत मुले रमतील, चित्रे पाहून राजे खूश होतील, पण आतला अर्थ शोधणारा वाचक निराळा, असे तो बजावतो. म्हणजे या पुस्तकात वरून दिसते त्याहून अधिक काही आहे, अशी सूचना त्याने उंबरठ्यावरच देऊन ठेवली आहे.

आता त्या खटल्याकडे वळू. बैल मारला गेल्यावर एका रात्री कलीला आपल्या भावाची निर्भर्त्सना करीत असतो, आणि ते बोलणे वाटेने जाणारा चित्ता ऐकतो. तो ही गोष्ट सिंहाच्या आईच्या कानांवर घालतो, परंतु स्वतः पुढे यावयास तयार होत नाही. राजमाता सिंहाला सांगते, की दिम्नाने तुला फसविले. सिंह दिम्नाला एकदम फाडून टाकीत नाही. तो दरबार भरवितो, न्यायाधीश नेमतो, आरोपीला बोलावयास अवसर देतो आणि जबान्या लिहून घ्यावयास लावतो. दिम्नाही कसलेला वक्ता. पुरावा नसताना केवळ संशयावरून मला माराल तर राजाच्याच कीर्तीला बट्टा लागेल, असे तो ठासून सांगतो. एका वेळी दरबारातील मुदपाकखान्याचा प्रमुख, एक डुक्कर, पुढे होऊन म्हणतो, की याचा डावा डोळा उजव्याहून लहान आहे, असली लक्षणे दुष्टांचीच असतात. दिम्ना त्याला असा सुनावतो, की चेहऱ्याच्या ठेवणीवर पाप ठरत असेल तर आधी स्वतःचे रूप पाहा. आणि डुकराची बोलती बंद होते. दिम्ना दोषी आहे हे वाचकाला ठाऊक असते, तरीही या जागी त्याचे म्हणणे बरोबर आहे हे त्याला मान्य करावेच लागते. लेखकाचे सामर्थ्य ते हेच.

मधल्या काळात कलीला दुःखाने मरण पावतो. शेवटी राजमातेच्या आग्रहाने चित्ता साक्ष देतो. तेव्हा तुरुंगातला दुसरा एक प्राणी निरोप पाठवितो, की दिम्ना आणि कलीला यांचे बोलणे मीही ऐकले आहे. आधी का बोलला नाहीस, असे विचारता तो उत्तर देतो, की एकट्याच्या साक्षीने निवाडा होत नाही, म्हणून मी गप्प होतो. दोन साक्षी झाल्या, गुन्हा शाबीत झाला आणि दिम्ना तुरुंगात प्राणास मुकला.

हा भाग मूळचा नाही, हे कशावरून? पेहलवी ग्रंथ नष्ट झाला आहे. परंतु त्याच पेहलवीवरून इसवी सन ५७० च्या सुमारास बूद नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने सिरियाक भाषेत एक भाषांतर केले होते. त्याची पोथी १८७० साली मार्दीन येथे उजेडात आली आणि १८७६ साली ते छापले गेले. त्यात दिम्नाचा खटला नाही. संस्कृत पंचतंत्रातही तो नाही. यावरून हे प्रकरण अरबी भाषांतराच्या वेळी भर घातलेले आहे आणि ते इब्न अल-मुकफ्फा याचेच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इतकेच नव्हे, संजीवकाच्या नावाचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. अरबी अक्षरांत ‘शंझबा’ असे ते उतरले. पुढे नकलाकारांच्या हातून अक्षरांवरचे ठिपके हलले आणि कित्येक पोथ्यांत त्याचा ‘शतरबा’ झाला. ठिपक्यांनी बैलाचे नाव बदलले. पण खटल्याचे प्रकरण ठिपक्यांच्या चुकीने आलेले नाही. ते कोणीतरी मुद्दाम, विचारपूर्वक लिहिलेले आहे.

ते का लिहिले, याचे उत्तर त्याच्या दुसऱ्या एका लेखनात सापडते. खलिफा मन्सूर याला उद्देशून त्याने एक निवेदन लिहिले. ‘राजाच्या सोबत्यांविषयीचे पत्र’ असे त्याचे नाव सांगता येईल. फौजेची शिस्त, जमीनमहसूल, दरबारात कोणास जवळ करावे, अशा विषयांवर त्यात स्पष्ट सूचना आहेत. त्यांतली सर्वांत महत्त्वाची सूचना न्यायासंबंधी आहे. एका गावचा काझी ज्या कृत्याला निर्दोष ठरवितो, त्याच कृत्याबद्दल दुसऱ्या गावचा काझी प्राण घेतो. कूफा शहराच्या निरनिराळ्या भागांतदेखील निवाडे जुळत नाहीत. तेव्हा सर्व निवाडे एकत्र करावे, त्यांची छाननी करावी आणि साऱ्या राज्याला एकच संहिता लागू करावी, असे त्याने सुचविले. हा विचार आठव्या शतकातला आहे! कायदा, हुकूम, वकील, फैसला हे शब्द पुढे फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत आले ते अरबीतूनच. ते शब्द ज्या काळात घडत होते, त्या काळातला एक चिटणीस राजाला सांगत होता, की न्याय हा न्यायाधीशाच्या लहरीवर असू नये. खलिफाने ती सूचना अमलात आणली नाही.

आणि आता त्याचा अंत. ७५४ साली मन्सूर गादीवर आला तेव्हा त्याचा दुसरा चुलता अब्दुल्ला बिन अली याने बंड केले. बंड मोडले. अब्दुल्ला पळून बसऱ्यास आपल्या भावांच्या आश्रयाला आला. भावांनी त्याच्यासाठी खलिफाकडे अभयपत्र मागितले. आपल्याकडे ज्याला कौलनामा म्हणत, तशातलाच हा प्रकार. मसुदा लिहिण्याचे काम इब्न अल-मुकफ्फा याच्याकडे आले. खलिफाच्या शब्दाचा भरवसा नाही हे जाणून त्याने मसुद्यात एकही फट ठेवली नाही. खलिफाने वचन मोडल्यास त्याच्या बायकांना तलाक झाला, त्याचे गुलाम मुक्त झाले आणि मुसलमान प्रजा त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मोकळी झाली असे समजावे, अशी कलमे त्याने घातली. मन्सूरने तो कागद वाचला आणि हा कोणी लिहिला, एवढेच विचारले.

पुढचे काम सुफियान बिन मुआविया याने केले. तो बसऱ्याचा नवा सुभेदार. त्याचे नाक मोठे होते, आणि इब्न अल-मुकफ्फा त्याला सलाम करताना, ‘तुम्हां दोघांना सलाम’ असे म्हणे. दुसरा म्हणजे नाक! तो राग त्याने मनात धरला होता. आता खलिफाची मर्जी अनुकूल होती. इब्न अल-मुकफ्फा काही कामासाठी सुभेदाराच्या वाड्यात गेला तो परत आलाच नाही. त्याचे अवयव एकेक तोडून पेटत्या भट्टीत टाकण्यात आले, असे जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. ही गोष्ट ७५६ ते ७५९ या दरम्यानची. वय चाळिशीच्या आत. तो पाखंडी होता, मनातून मानीच्या पंथाचा होता, असा प्रवादही उठला. कारण खून झालेल्या माणसाला दोषी ठरविणे सोयीचे असते.

खलिफाच्या चुलत्यांनी सुफियानला खलिफासमोर उभे केले. वाड्यात इब्न अल-मुकफ्फा आत जाताना पाहिल्याची साक्ष देण्यास माणसेही आली. तेव्हा मन्सूरने त्यांना विचारले, समजा, तुमच्या साक्षीवरून मी सुफियानला देहान्त शिक्षा दिली आणि इब्न अल-मुकफ्फा या दारातून जिवंत आत आला, तर मग मी तुमचे काय करावे? साक्षीदारांनी प्रश्नातला अर्थ ओळखला आणि साक्ष मागे घेतली. प्रकरण तिथेच मिटले. ज्याने एका कपटी कोल्ह्यालाही दोन साक्षीदारांवाचून मारू दिले नाही, त्याच्या स्वतःच्या वाट्याला आरोपपत्र आले नाही, न्यायाधीश आला नाही. आणि साक्षीदार आले ते राजाची मुद्रा पाहून परत गेले. ज्याच्यासाठी अभयपत्र लिहिले तो अब्दुल्लाही कैदेत पडला, आणि ७६४ साली त्याच्या अंगावर घर कोसळून तो मेला. त्या घराचा पाया मिठाचा होता, असे सांगतात.

माणूस मारला गेला, पण पुस्तक मारता आले नाही. बर्मकी हे बगदादचे प्रसिद्ध वजीर घराणे. त्याचे पूर्वज बाल्ख येथील नवविहार या बौद्ध मठाचे प्रमुख होते. त्या घराण्यासाठी अबान अल-लाहिकी या कवीने सारा ग्रंथ पद्यात आणला. नवव्या शतकात बसऱ्याच्याच अल-जाहिझने अरबी गद्याला खरी समृद्धी आणली. आपली सुरुवातीची पुस्तके लोकांनी वाचावीत म्हणून आपण ती इब्न अल-मुकफ्फासारख्या मोठ्या नावांवर खपविली, अशी कबुली त्याने दिली आहे. एवढे त्या नावाचे वजन होते. अरबीतून हा ग्रंथ ग्रीक, हिब्रू, जुनी स्पॅनिश आणि लॅटिन या भाषांत गेला. स्पॅनिश भाषांतर १२५१ चे. सतराव्या शतकात फ्रान्सचा ला फोंतेन १६७८ च्या आपल्या कथासंग्रहात ‘पिल्पे’ या हिंदी ज्ञान्याचे ऋण मानतो, ते याच परंपरेचे. युरोपला पंचतंत्र प्रथम भेटले ते संस्कृतातून नव्हे, तर अरबीच्या वाटेने.

या कहाणीत एक फिर्यादीही आहे, आणि तो सामान्य नव्हे. गझनीच्या महमूदाच्या काळी हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकलेला अल-बिरूनी. इसवी सन १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात तो म्हणतो, की पंचतंत्राचे भाषांतर आपल्या हातून व्हावे अशी माझी इच्छा आहे. कारण प्रचलित भाषांतरे विश्वासार्ह नाहीत. इब्न अल-मुकफ्फा याने बुर्झोयचे प्रकरण स्वतः घुसडले, आणि तेही दुबळ्या श्रद्धेच्या लोकांच्या मनांत संशय निर्माण करून त्यांना मानीच्या पंथाकडे ओढण्यासाठी, असा त्याचा आरोप आहे. ज्याने एका ठिकाणी भर घातली, त्याच्या उरलेल्या भाषांतरावर तरी विश्वास का ठेवावा, असे तो विचारतो. बिरूनीचा तो मूळ अरबी ग्रंथ १९५८ साली छापला गेला तो आपल्या हैदराबाद शहरी. तेथील दायरतुल मआरिफ ही संस्था १८८८ मध्ये स्थापन झाली, आणि तिने दुर्मिळ अरबी ग्रंथांच्या छापील आवृत्त्या काढून जगभरच्या अभ्यासकांना ऋणी करून ठेवले आहे. म्हणजे पंचतंत्राच्या भाषांतराविरुद्धची ही नऊ शतकांपूर्वीची तक्रार, फिरून पंचतंत्राच्याच देशात छापली गेली.

बिरूनीची फिर्याद विद्वानाच्या दृष्टीने रास्त आहे. भाषांतरकाराने मूळ जसेच्या तसे द्यावे, ही अपेक्षा चुकीची कोण म्हणेल? शिवाय अरबी ग्रंथाची तारीख असलेली सर्वांत जुनी ज्ञात पोथी १२२१ सालची. ग्रंथकारानंतर साडेचार शतकांनी लिहिलेली. मधल्या काळात किती हात त्यावरून फिरले याची गणती नाही. तरीदेखील दिम्नाचा खटला वाचताना मनात येते, की ही भर कथेला लागलेले बांडगूळ नव्हे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शिकविले ते हे, की दरबारात दमनक असतात आणि ते जिंकतातही; तेव्हा सावध असा. हे शिक्षण राज्य करणाऱ्यांसाठी होते. इब्न अल-मुकफ्फा हा राज्य करणारा नव्हता. तो राज्याची लेखणी चालविणारा होता. ज्याच्या बापाचे हात चौकशीत मोडले, त्याला तेवढ्या सावधगिरीवर समाधान कसे मानता यावे? दमनक जिंकतात हे खरे; पण मग त्यांचा जाब कोणी, कोठे आणि कोणत्या पुराव्यावर घ्यावा, हा त्याचा प्रश्न होता. आरोपी दोषी आहे हे राजाला कळले तरी तेवढ्याने भागत नाही. ते सिद्ध व्हावे लागते, आणि सिद्ध होईपर्यंत त्यालाही बोलू द्यावे लागते, एवढे त्याने कोल्ह्याच्या गोष्टीत लिहून ठेवले.

तेव्हा पंचतंत्र परदेशी गेले असे आपण पुन्हा सांगू, त्या वेळी त्याला एवढी पुस्ती जोडावी, की ते परत येताना एक प्रकरण अधिक घेऊन आले. संस्कृतातला दमनक प्रधान झाला. अरबीतला दिम्ना दोन साक्षींनी दोषी ठरला. सुफियान बिन मुआविया याला मात्र कोणीही शिक्षा केली नाही.